बेताचं खोटं

आमच्या घरात ग्रीक लोक शिरले ते मुलीच्या प्रोजेक्टमधून. ती ईसा टाउनच्या शाळेत अकरावीला आहे. प्राचीन ग्रीकांच्या मते सुखी माणूस कोण, असा काहीसा विषय तिला मिळाला होता आणि तिने तो जेवताना अशा चेहऱ्याने सांगितला की जणू शिक्षाच झाली आहे. माझा घास हातातच राहिला. सव्वीस वर्षं मी मुहर्रकच्या एका कार्गो ऑफिसात खोक्यांचे कागद तपासतो आहे. त्याआधी मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो होतो, हे बहरीनमध्ये बायकोशिवाय फारसं कोणाला माहीत नाही, आणि तिलाही ते लग्न ठरवताना एकदा कळलं तेवढंच. आता इतक्या वर्षांनी माझ्या पदवीला गिऱ्हाईक मिळालं होतं.

मग काय, मी सुटलोच. संध्याकाळी हूरातल्या आमच्या फ्लॅटवर आलो की चहाचा कप घेऊन थेट तिच्या टेबलाशी. मी मराठीत सांगायचो, ती इंग्रजीत लिहायची. सांगितलं, की या लोकांचं सुख म्हणजे आजचा मूड नव्हे. आइस्क्रीम खाल्लं आणि छान वाटलं, ते यांच्या खिजगणतीतही नाही. माणूस उभ्या आयुष्यात कसा जगला, त्याच्यात जे चांगलं होतं ते त्याने किती कामाला लावलं, ते बघून ते त्याला सुखी म्हणायचे. आणि चांगलेपणा पाठ करून येत नाही, सवयीने येतो. धीराची कामं करत गेलं की माणूस धीट होतो. खरं बोलत गेलं की खरा होतो.

"लाइक बस काका?" ती म्हणाली.

उदाहरण मला सुचायच्या आधी तिला सुचलं याचा मला थोडा रागच आला, पण उदाहरण चोख होतं.

बस काका म्हणजे माझा गाववाला. आमच्या दोघांच्या वाड्या लागून आहेत, मध्ये फक्त एक वहाळ, लहानसा ओढा. आम्ही एकाच वर्षी इथे आलो आणि पहिली चार वर्षं एका खोलीत राहिलो. पुढे मी बायकोला आणलं, तो मात्र एकटाच राहिला. त्याची आई, बायको आणि धाकटा भाऊ गावीच. तो एका खासगी मालकाची स्कूल बस चालवतो आणि माझी मुलगी पहिलीपासून त्याच बसने जाते. एका वर्षी तो परीक्षेच्या दिवसांत रजेवर गेला, बदली ड्रायव्हरने रस्ता चुकवला आणि तीन मुलं पेपरला उशिरा पोचली. त्यात त्याचा काय दोष? पण त्याने ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून परीक्षेच्या दिवसांत तो आजारीसुद्धा पडत नाही.

मुलीला सर्वांत जड गेलं ते मध्याचं प्रकरण. प्रत्येक सद्‌गुण दोन दुर्गुणांच्या मधोमध असतो, असं त्यांचं म्हणणं. एका बाजूला भेकडपणा, दुसऱ्या बाजूला आंधळी उडी, मध्ये धैर्य. तिने लगेच पट्टीने रेघ मारली आणि बरोबर मध्यावर टिंब दिलं. मी म्हटलं, इथेच तर सगळे चुकतात. मध्य म्हणजे अर्धं नव्हे. चार माणसांच्या आमटीला जेवढं मीठ, तेवढंच चाळीस माणसांच्या आमटीला घालून चालेल का? कोणाला, कधी, किती, हे त्या-त्या वेळी ओळखावं लागतं, आणि कधी कधी तो मध्य अगदी टोकापाशीच जाऊन बसलेला असतो. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं. तिने ते लिहून घेतलं. बायको आतून म्हणाली, "आज आमटीत मीठ कमी होतं ते सांगायची ही पद्धत का?"

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वासातला गावाहून फोन आला. गाववाल्याचा धाकटा भाऊ होता.

"आये गेली," तो म्हणाला. "आज पहाटफटी. दादाक फोनार काय सांगू नका, तो बस चालवता. आजच्या विमानान इलो तर उद्या सकाळी पोचात. आमी उद्या दुपारपर्यंत थांबतंव. बर्फाची पेटी मागवली हा. तुमीच त्येका काय ता सांगा."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तेव्हापासून माझ्याकडे एकच काम होतं: संध्याकाळच्या विमानात त्याला बसवणं. तो बसला तर आईला अग्नी देणार, थोरल्याचा हक्क तो. नाही बसला तर तोंडही दिसणार नाही.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. गल्फातल्या माणसाला घरचं मरण कोणी सरळ सांगत नाही. 'सिरीयस आहे, ये' एवढंच सांगतात. इथले लोक त्याची बॅग भरतात, विमानात बसवून देतात, मुंबईला उतरवून घ्यायला आलेला मेहुणाही रस्ताभर हवापाण्याच्या गप्पा मारतो. घरापुढच्या खळ्यात बसलेली माणसं दिसली की त्याला कळतं. मी स्वतः असे सहा-सात जण रवाना केले आहेत. 'सिरीयस' या शब्दाचा आमच्यात काय अर्थ होतो, ते सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. तरी प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाबतीत तो वापरतो आणि स्वतःच्या बाबतीत त्यावर विश्वास ठेवतो.

रीत मोडली होती ती फक्त माझ्या वेळी, आणि ती मोडली होती या गाववाल्यानेच. चौदा वर्षांपूर्वी तो भर दुपारी माझ्या ऑफिसात आला, टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचे वडील गेले. साडेपाचचा विमान हा. चला." पाणी नाही, 'बसा' म्हणणं नाही, पाठीवर हात नाही. मी विमानात चार परक्या माणसांसमोर लहान पोरासारखा रडलो. शेजारच्या बाईने आपले टिश्यू माझ्या मांडीवर ठेवले ते अजून आठवतं. मी वेळेत पोचलो, सगळं हाताने केलं. पण मनात राहिला तो टेबलासमोरचा घाव. असा कसा हा दगड, असं मी कितीतरी वर्षं म्हणत होतो. महिनाभर तर त्याच्याशी धड बोललोही नाही. आणि तेव्हाच ठरवलं होतं की आपण कोणाला असं सांगायचं नाही.

बूट घालताना बायको म्हणाली, "सरळ सांगा हो."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. मुलगी एव्हाना त्याच्याच बसमधून शाळेत पोचली होती, नाहीतर तीही काहीतरी बोलली असती.

मुलांना सोडल्यावर बसचे ड्रायव्हर ईसा टाउनमधल्या एका चहावाल्याकडे बसतात. तिथे जाईपर्यंत गाडीत मी वाक्यं जुळवत होतो. सरळ सांगावं, तर हा दुपारी चाळीस मुलांना घेऊन बस चालवणार. काहीच न सांगावं, तर विमान जाणार. 'सिरीयस' म्हणावं, तर त्याला तिथल्या तिथे कळणार, त्यानेही माझ्याइतकेच लोक रवाना केले आहेत. मग मी मधलं काढलं. खोटंसुद्धा बेताचं. आणि खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी स्वतःची पाठ थोपटावीशी वाटली.

"आयेक जरा बरा नाय," मी त्याला म्हणालो. "दवाखान्यात न्हेली हा. घाबरण्यासारखा काय नाय. पण तू आज जावन ये, बघून ये."

त्याने कप खाली ठेवला आणि तिथूनच घरी फोन लावला. भाऊ तिकडे तयारच होता. सलाईन लावलंय, आता झोप लागलीय, उठवू नको म्हणालेत डॉक्टर, असं त्याने सांगितलं. बिचाऱ्याला वाटलं, मी इकडे 'सिरीयस' म्हटलं असेल, तेव्हा आपण फोनवर दिलासा द्यावा. दोघांनी आपापल्या परीने प्रेमच केलं. पण आपण दोघांनी मिळून किती खोटं बोलायचं, ते ठरवायचं राहून गेलं.

गाववाल्याने फोन ठेवला. चेहरा मोकळा झाला होता. "झोपली हा," तो म्हणाला. "मग उद्या संध्याकाळी जातलंय, भाऊ. उद्या दहावीच्या पोरांचो गणिताचो पेपर. बदलीवाल्याक रस्तो गावणा नाय. तेवढो पेपर झालो की जातंय."

"अरे, आज जा," मी म्हणालो. "तिची तब्येत बरीच... सिरीयससारखीच आहे म्हणतात."

तो हसला. "आत्ताच भाव काय बोललो तुमच्यासमोर? तुमी उगाच घाबरतास. तुमका आधीपासून घाबरूची सवय."

सवयीने माणूस घडतो, हे मी मुलीला गेल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्याची सवय होती मुलांना वेळेवर पोचवायची. त्याच्यातलं जे सर्वांत चांगलं, तेच त्याला विमानापासून धरून ठेवत होतं, आणि ते सोडवण्यासाठी माझ्याकडे एकच खरं वाक्य होतं. मी चहा संपवला आणि ऑफिसला निघून गेलो.

तिथून त्याच्या भावाला फोन केला. म्हटलं, तूच सांग आता. तो म्हणाला, "फोनार कसा सांगू? थंय पडलो तर धरतलो कोण? तुमी हास थंय." बरोबरच होतं. मी होतो तिथे. मग मी स्वतःची समजूत घातली की दुपारची फेरी होऊ दे, मुलं उतरू देत, मग सांगू. विमान संध्याकाळी सहाचं होतं. तीनला सांगितलं तरी वेळ होता. तिकीट मी मोबाइलवर काढून ठेवलं होतं, त्याच्या नावाचं.

तीनला मी बस उभी करतात त्या मैदानात गेलो. तो पाइप घेऊन बसच्या काचा धूत होता, उद्याच्या पेपरसाठी. मला पाहून त्याने पाणी बंद केलं, हात पुसले आणि ड्रायव्हरच्या सीटखालून एक लहान डबी काढली. आईसाठी गेल्या महिन्यात घेतलेलं कानाचं यंत्र. तिला दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. फोनवर तो बोलायचा आणि ती भलतंच उत्तर द्यायची. "आता बघा," तो म्हणाला, "परवा सकाळी ह्या कानात घालतंय आणि मागे उभो रवान हळूच हाक मारतंय. बघूया वळता काय." आणि त्याने मला हाक कशी मारणार तेही करून दाखवलं, अगदी हळू, "आये".

मी सांगू शकलो नाही. याच्यापुढे मला कुठलीही सबब देता येत नाही. मुलं बसमध्ये नव्हती, वेळ होता, तिकीट खिशात होतं, तोंड उघडायचं होतं फक्त. ग्रीकांमधले पुढचे काही लोक म्हणत, की जगात काय घडतं ते आपल्या हातात नाही, आपण काय करतो तेवढंच आपल्या हातात आहे, आणि शहाण्याने तेवढ्यावरच लक्ष ठेवावं. मरण माझ्या हातात नव्हतं, विमान नव्हतं, बर्फ नव्हता. एक वाक्य तेवढं होतं. आणि नेमका त्याच्यापुढेच मी इतका लुळा पडलो की त्याने मला विचारलं, "भाऊ, ऊन लागला काय?" आणि गार पाण्याची बाटली दिली. मी ती प्यालो. पाच वाजता चेक-इन बंद झालं तेव्हा मी समुद्रकाठी कॉर्निशवर गाडी लावून नुसता बसलो होतो.

घरी मुलीला कळलंच. आमच्या दोन खोल्यांत काय लपणार? मुलगी म्हणाली, "सो टुमॉरो आय हॅव टू सिट इन हिज बस अँड नॉट टेल हिम?" मी म्हटलं, "बाळा, आता सांगून उपयोग नाही. विमान गेलं." ती म्हणाली, "उपयोग?" हा एक शब्द तिने मराठीत उच्चारला आणि खोलीत जाऊन दार लावलं.

बुधवारी सकाळी तो नेहमीच्या वेळेला आला, हॉर्न दिला, ती खाली गेली. भारतात दुपारचे बारा वाजले तेव्हा त्याच्या भावाचा मला मेसेज आला. थांबणं शक्य नव्हतं, धाकट्यानेच अग्नी दिला. इथे साडेनऊ झाले होते. त्या वेळी गाववाला शाळेबाहेर सावलीत उभा राहून गणिताचा पेपर सुटायची वाट बघत होता.

दुपारी मुलगी आली ती दप्तर फेकूनच. "पेपर इझी होता म्हणून त्याने सगळ्यांना टॉफी दिली," ती म्हणाली. मुठीत तिची टॉफी तशीच होती. "ही वॉज सिंगिंग, बाबा. युवर ग्रीक्स, विल दे कॉल हिम हॅपी?"

प्रश्न चांगला होता आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं. नाही म्हणाले असते. ज्याला आपल्यावर काय कोसळलं आहे हेच माहीत नाही, त्याचं गाणं म्हणजे त्यांचं सुख नव्हे. पण त्यांच्यापैकी कोणाला हेही धड सोडवता आलं नव्हतं, की आयुष्यभर नीट वागलेल्या माणसावर असं काही आलं तर त्याचं काय. दैव, म्हणाले, आणि पुढे गेले. इथे तर दैवाने फक्त आई नेली होती. बाकीचं मी केलं होतं. हे सगळं मला मुलीला सांगता आलं असतं. मी तिला जेवून घे म्हणालो.

संध्याकाळी मीच त्याला मुहर्रकला विमानतळावर सोडायला गेलो. निघताना तो खुशीत होता. आत जाणाऱ्या दारापाशी मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "सिरीयस हा रे. मन घट कर."

तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. हँडबॅगची चेन उघडली, ती डबी काढली आणि माझ्या हातात दिली. "ह्या तुमच्याकडे ठेवा," म्हणाला, आणि आत गेला.

सोळा दिवसांनी, एका शुक्रवारी सकाळी, तो घरी आला. डोक्यावर टोपी, खाली तासलेलं डोकं. आमच्यासाठी आमसुलं आणली होती. बायकोने चहा ठेवला. मुलगी बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसली, तिने तसं कधी केलं नव्हतं. त्याने तिला प्रोजेक्टला किती मार्क पडले ते विचारलं. तिने सांगितलं. मध्य म्हणजे अर्धं नव्हे, या वाक्याखाली टीचरने लाल पेनने 'एक्सलंट' लिहिलं होतं, ते मात्र तिने सांगितलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमचे वडील गेले तेव्हा मी तुमका तोंडार सांगलंय. तुमी म्हयनोभर माझ्याशी बोलूक नाय. माका कळत होता. पण तुमी पोचलात. मग माका कित्याक नाय सांगलात?"

"तुका त्रास होऊ नये म्हणून," मी म्हणालो. खरंच हेच तोंडातून आलं.

"माझो त्रास खंय चुकलो?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, रागसुद्धा नव्हता त्यात, असता तर बरं झालं असतं. "तुमचो चुकलो."

बायकोने चहाचा कप आणून त्याच्यापुढे ठेवला. मी आत गेलो, कपाटातून डबी काढली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने ती हाताने बाजूला केली. चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः उचलून आत ठेवला, मुलीला म्हणाला, "रविवारी सव्वासहाक खाली रव," आणि गेला.

डबी अजून माझ्याकडे आहे. रोज सकाळी खाली त्याचा हॉर्न वाजतो, मुलगी धावत जिना उतरते, आणि मी खिडकीत जातो. तो वर बघून हात करतो, अगदी पूर्वीसारखा. तेवढंच मला सहन होत नाही.